सुतकात वाजलेली रेकॉर्ड

आमच्या गल्लीतल्या एका घरी त्या हिवाळ्यात सुतक होतं आणि त्याच घरातून दुपारभर नाचाची गाणी ऐकू येत होती. ते घर आमचं. गेलेला माझा धाकटा भाऊ. आणि गाणी लावणारे माझे बाबा, ज्यांना तो गेल्याचं आम्ही सांगितलेलं नव्हतं.

गाणी हिंदी नव्हती, मराठीही नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बँडांची होती. आमच्या नांदुऱ्यात असलं काही कुणी कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. येणारा-जाणारा आमच्या खिडकीकडे पाहून थांबायचा, मग कुणीतरी त्याच्या कानाशी लागायचं आणि तो मान खाली घालून निघून जायचा. हे मी ओट्यावरून पाहायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या माणसावर नाही, बाबांवर.

बाबांबद्दल आधी सांगते. डीजे यायच्या आधी आमच्या तालुक्यात लग्न असलं की कडुनिंबाच्या फांदीला जे कर्णे बांधलेले दिसत, ते बहुतेक आमचे असत. ॲम्प्लिफायर, बॅटरी, रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींनी भरलेली लोखंडी पेटी घेऊन बाबा आधी बैलगाडीतून आणि पुढे टेम्पोतून गावोगाव जायचे. हळद लागताना कोणतं गाणं, पंगती बसल्यावर कोणतं, मुलगी निघाल्यावर कोणतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. मग भिंतीएवढे डबे घेऊन डीजेवाले आले आणि आमचे कर्णे माळ्यावर गेले. बाबा म्हणायचे, "ह्याले गानं नाही म्हनत, ह्याले भूकंप म्हनतात."

धंद्यात त्यांचा एक नेम होता. तो तसा सगळेच पाळतात, पण बाबा जरा जास्तच. समोरून मयत चालली की सुई उचलायची. एकदा वरात ऐन चौकात नाचत असताना तिरडी आली. बाबांनी सुई उचलली. पोरं पिऊन तर्र होती, त्यांनी आईवरून शिव्या दिल्या, एकाने कॉलर धरली. बाबा सुईची दांडी हातात धरून तसेच उभे राहिले, तिरडी वळणाआड जाईपर्यंत. मी तेव्हा लहान होते आणि गाडीत पेटीवर बसलेली होते, म्हणजे हे काही सांगोवांगीचं नाही.

भाऊ बाबांच्या धंद्यात गेला नाही, कारण धंदाच उरला नव्हता. तो मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये फिटर झाला. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं खोलायची, पाती घासायची, परत जोडायची. हात चांगला होता. त्याच हाताच्या जोरावर त्याला बेनिनला नोकरी लागली. तिकडेही कापूस पिकतो, जिनिंग चालतात आणि आपल्याकडचे फिटर लागतात. "हे बेनिन कुठी आलं?" असं सगळ्या गल्लीने मला विचारलं, कारण मी मलकापूरला शाळेत भूगोल शिकवते. मी ठसक्यात सांगितलं, नायजेरियाच्या शेजारी. आदल्या दिवशीच नकाशात पाहून ठेवलं होतं.

तिकडचा हंगाम संपला की पावसाळ्यात तो घरी यायचा. शेवटचा आला तो पोळ्याला. बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू होती. दोन रेकॉर्डी, पुस्तकासारखं उघडणारं जाड कव्हर आणि आत फोटोंची पुस्तिका. बाबांनी एक रेकॉर्ड काढून दोन तळव्यांच्या मध्ये कडेने धरली, खिडकीच्या उजेडात तिरपी केली आणि म्हणाले, "हे त नवी हाय. आता कोन बनवते बे रेकॉर्डी?"

"छापली नवी हाय बाबा, गानी जुनी हायेत. तुमच्याच टायमाची," भाऊ म्हणाला. "ह्या बँडवाल्याइले तिकडेही आता कोनी वयखत नाही. एका शौकीन मानसानं फिरून फिरून गोळा केली आन् सगळी एका जागी आनली."

मग त्याने पुस्तिका उघडून एका फोटोवर बोट ठेवलं. त्याच्या जिनिंगच्या फोरमनचे वडील. तरुणपणी बँडमध्ये ऑर्गन वाजवायचे, यातल्या एका गाण्यात तो ऑर्गन आहे. आता म्हातारे झाले आहेत आणि आपलीच रेकॉर्ड ऐकायला घरात मशीन नाही. फोटोत तो माणूस बेलबॉटम घालून, कंबरेवर हात ठेवून उभा होता. शर्टाची कॉलर खांद्यापर्यंत आलेली. बाबा बराच वेळ फोटो पाहत राहिले. "असा शर्ट माह्यापाशी होता," ते म्हणाले. आतून माय ओरडली, "होता. पोतेरं केलं मी त्याचं."

धंद्यातलं एक मशीन बाबांनी विकलं नव्हतं. त्यावर त्यांनी रेकॉर्ड लावली. मला सांगायचं तर पहिल्यांदा ते गाणं गाणं वाटलंच नाही. एक गिटार एकच तुकडा घेऊन बसली आणि सोडेचना. मागून ढोल, त्याच्या आत आणखी एक ढोल, मग तुताऱ्या एकदम अंगावर आल्या आणि गाणारा माणूस भांडल्यासारखा गायला लागला. तेवढ्यात ती गिटार अशी काही कण्हायला लागली की बाबा म्हणाले, "हिले ताप आला वाटते." भाऊ हसून हसून पलंगावर आडवा झाला. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी स्पीकरच्या डब्यावर पंजा ठेवला होता. "डफडंवाला पक्का हाय," ते म्हणाले. "सगळे इकडे तिकडे जाऊन राह्यले, तो जागा नाही सोडून राह्यला." गाणं संपल्यावर त्यांनी तेच परत लावलं.

भाऊ दसऱ्यानंतर परत गेला. पाठोपाठ बाबांना हार्टचा झटका आला. अकोल्याला नेलं, वाचले, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयात आता काही सोसायची ताकद नाही, घरात जपा. भाऊ तिकडून निघायच्या बेतात होता. बाबांनीच फोनवर त्याला झापलं. "मी मेलो नाही अजून. भर हंगामात काम सोडून येशीन त घरात नाही घेनार." तो राहिला. दर रविवारी फोन करायचा, बाबा त्याला फोनवरून रेकॉर्ड ऐकवायचे आणि तो तिकडून म्हणायचा की आवाज फाटून राह्यला, कमी करा.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा मधल्या सुट्टीत मला शाळेत फोन आला. भावाच्या खोलीत राहणारा, मलकापूरचाच एक फिटर. आधी तो नुसता रडत होता. मग सांगितलं, ताप आला होता, मलेरिया डोक्यात गेला, जिनिंगपासून मोठा दवाखाना लांब, पोचेपर्यंत उशीर झाला. देह इकडे आणायला खूप दिवस लागतील म्हणाला, काय करायचं ते सांगा. स्टाफरूममध्ये बायका डबे खात होत्या, कुणाच्या तरी वांग्याच्या भाजीचं कौतुक चाललं होतं. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, तिथेच करा. घरात कुणाला न विचारता मी माझ्या भावाला तिकडच्या मातीत सोडून दिलं. अजूनही कुठे वांग्याच्या भाजीचा वास आला की मला तिथून उठावं लागतं.

पॅसेंजरने घरी आले. बाबा पुढच्या खोलीत पलंगावर, रेकॉर्ड चालू. माय मागे मोरीपाशी धुणं धूत होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं. तिने तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. मग पदराचा बोळा करून तिने तो दातांत धरला आणि बसल्या जागी पुढे-मागे झुलत राहिली. पुढच्या खोलीत तुताऱ्या वाजत होत्या. बऱ्याच वेळाने तिने पदर काढला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "त्याइले नाही सांगायचं. त्याइनंच त्याले येऊ नोको म्हटलं होतं. हे आयकलं त बसल्या जागी जातीन."

मी वाद घातला नाही. एक गेला होता, दुसरा घालवायचा नव्हता. एवढंच आमच्या दोघींच्या डोक्यात होतं, आणि त्यापुढे खरं-खोटं, धर्म-अधर्म सगळं बाजूला राहिलं.

संध्याकाळपर्यंत मी घरोघरी जाऊन सांगून आले. भेटायला येऊ नका, रडू नका, बाबांसमोर एक शब्द काढू नका. आमची गल्ली एरवी दुसऱ्याच्या घरात काय शिजलं ते सांगणारी, पण तेव्हा तिने तोंडाला कुलूप लावलं. दहाव्याचं चुलतभावाने पूर्णेवर जाऊन केलं. त्याचं डोकं भादरलेलं, त्यामुळे केस येईपर्यंत तो आमच्या दारात फिरकला नाही. सुतकात देवपूजा नसते, पण पूजेची घंटी वाजली नाही तर बाबा विचारतील. मायने देव फडक्याने झाकून ठेवले आणि रोज सकाळी स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून घंटी हलवली. मी दारातून पाहत होते. तिचा हात हलत होता आणि डोळे भिंतीवर होते.

रविवारी बाबांनी फोनचं विचारलं. मी म्हटलं, त्याची बदली आतल्या गावात झाली, तिकडे नेटवर्क नाही. "असन," बाबा म्हणाले. पुढच्या रविवारी मी आपणहून तेच सांगितलं. "असन," म्हणाले. त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं. मला वाटलं, सुटलो.

आमच्या समोर चाचांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. बाबांचे जुने दोस्त. थंडीचे दिवस म्हणजे त्यांचा कमाईचा हंगाम, कापूस पिंजायचं यंत्र सकाळपासून घरघरत असतं. त्यांनी ते बंद ठेवलं. मी म्हटलं, चाचा, असं नका करू. ते म्हणाले, "मशीन काय पळून जाते का बेटा? पोट्टा माह्या मांडीवर खेळला." शेजारचा टीव्ही बंद झाला. एका दुपारी कोपऱ्यावरून वरात आली, डीजे धडधडत होता, आमच्या घराच्या अलीकडे एकदम गप्प झाला आणि घर ओलांडून गेल्यावर पुन्हा सुरू झाला. मी खिडकीत उभी होते. नाचणाऱ्या पोरांनी आमच्या दाराकडे पाहून हात जोडले. माणसं चांगली आहेत, एवढंच मला त्या वेळी सुचलं.

आणि त्या सगळ्या शांततेत आमच्याच घरातून गाणी. बाबा दुपारी जेवले की रेकॉर्ड लावायचे, तीही दुसऱ्या रेकॉर्डची पहिली बाजू, सगळ्यांत दणदणाटाची. आधी बेताच्या आवाजात लावायचे, पण आता रोज थोडा आवाज वाढायला लागला. औषधं हातात द्यावी लागत होती, उठून मोरीपर्यंत जाववत नव्हतं, पण ती बाजू लावायला हात बरोबर चालायचा. मी शाळेतून यायचे ती गल्लीच्या तोंडाशीच तो ढोल ऐकत. माझ्या डोळ्यांपुढे भावाचा तापलेला चेहरा यायचा आणि वर हा उत्सव. त्यांना माहीत नाही, त्यांचा काय दोष, हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. मी माझ्या बापाचा मनापासून राग करत होते.

माय त्या वेळी काय करते हे मला एका शनिवारी कळलं. शाळा लवकर सुटली होती. मी मागच्या दाराने आत आले तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. माय जमिनीवर बसलेली, कणगीला डोकं टेकवलेलं, आणि ती रडत होती. मुसमुसून नाही. तोंड उघडून, मोठ्याने, त्याच्या लहानपणीच्या नावाने हाका मारत. ते त्या गाण्याच्या आवाजात बाहेर जात नव्हतं. तुताऱ्या चढल्या की तिचा आवाज चढायचा, गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या खरखरीत ती पदर तोंडात धरायची. दिवसभरात तिला रडायला तेवढीच जागा होती, आणि तिने ती स्वतःच शोधून काढली होती असं मला वाटलं.

मी तिला दिसू न देता मागे सरले आणि पुढच्या खोलीत गेले. खिडकीची तावदानं थरथरत होती. बाबा उशीला टेकून, डोळे मिटून बसले होते. "बंद करा ते!" मी ओरडले. "पुरे झालं आता!" आणि सुई उचलायला हात घातला.

बाबांनी माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "तुही माय रडून राह्यली. होऊ दे तिचं."

मी सुईवरचा हात मागे घेतला. मग त्यांच्या पायाशी पलंगावर बसले. कोणी सांगितलं, मी विचारलं.

"कोनी नाही सांगितलं बाई. कोनी काही बोललंच नाही, म्हनून त समजलं. रजयांच्या दिवसात चाचाची मशीन बंद. शेजारच्या घरचा टीव्ही बंद. मंग ते वरात आली, आपल्या घराच्या अलीकडे थांबली आन् पलीकडे जाऊन वाजली. जिंदगीभर मी हेच करत आलो. कोन्या घरापुढे बंद करा लागते, मले नाही समजन?" थोडा वेळ ते दम घेत राहिले. "घरात आपन तिघं बसलेलो. मंग राह्यला कोन?"

आम्ही सगळ्या गल्लीला बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. गप्प राहू नका, असं सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

मी रडायला लागले तसा त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू. तिले सांगजो नोको. तिले वाटते मले मालूम नाही. तेवढ्याच्या भरवशावर उभी हाय ते. समजलं त कोसळन." मग ते रेकॉर्डकडे पाहत म्हणाले, "लोकाच्या मयतीसाठी नेहमी सुई उचलली. पोराच्या टायमाले नाही उचलता आली. उचलली त तिचं रडनं कोंडते." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "मीच म्हटलं होतं त्याले, येऊ नोको."

मी त्यांचा हात धरून बसले. शेवटचं गाणं संपलं. आत भांडी हलली, नळ सुटला, माय तोंड धूत असावी. नळ बंद होईपर्यंत बाबा थांबले, मग त्यांनी सुई उचलली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "आयकलं का? चहा टाका थोडा."

माय चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. "काय ते रोज रोज वाजवता," ती म्हणाली. "कान किटले माहे."

"चांगलं हाय," बाबा म्हणाले. "पोरानं आनलं."

"आनलं म्हनून काय घासून टाकता का? तो आला की दुसरी आनन."

"आनन," बाबा म्हणाले आणि बशीत चहा ओतला. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. मी कप हातात घेऊन त्यांच्या मध्ये बसले होते.

तसं ते थंडीभर चाललं. बाबा रोज दुपारी ती बाजू लावायचे, माय दार लोटायची. मी दोघांची गुपितं सांभाळत मलकापूरला जाऊन पोरांना खंड आणि महासागर शिकवत राहिले. कधी वाटायचं, दोघांना एका खोलीत बसवावं आणि सांगून टाकावं, एकदा एकमेकांच्या गळ्यात पडून रडू दे त्यांना. पण बाबांना धक्का बसेल, माय कोसळेल, हीच भीती मलाही होती. त्यांनी मला दोन्हीकडून बांधून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. या वेळी गल्लीला काही सांगावं लागलं नाही. सगळ्या बाया आल्या, घर भरलं, माय मोठ्याने रडली, कुणी तिला अडवलं नाही. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि भोवतीच्या बायांना म्हणाली, "एक मातर बरं झालं. त्याइले लेकराचं समजलं नाही. सुखानं गेले. तेवढं मले साधलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही का वं?"

"हाव, माय," मी म्हटलं.